निगेटिव्हवर कात्री

वस्तादांची मुलाखत अठ्ठेचाळीस मिनिटांची होती. त्यातली अकरा मिनिटं आज माझ्याकडे आहेत.

शिवाजी पेठेतल्या एका तालमीवर मी माहितीपट करत होतो. वस्तादांचं वय ऐंशीच्या पुढे. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस. कॅमेऱ्यासमोर बसायला त्यांनी तीन महिने होकार दिला नव्हता. दिला त्या दुपारी मात्र असे बोलले की आवाज टिपणारा आमचा पोरगा हेडफोन कानाशी धरून पुतळ्यासारखा बसून राहिला. अखेरीस त्यांनी एका हरलेल्या कुस्तीची गोष्ट काढली, समोरच्याची पकड कशी होती ते हवेत धरून दाखवलं, आणि हात तसाच ठेवून कितीतरी वेळ गप्प राहिले.

ते गप्प राहणं गेलं. ना कॅमेरा बिघडला होता, ना डिस्क. ते माझ्या हातून गेलं. कसं गेलं ते तपशिलाने सांगतो, कारण लग्नाचं, जोतिबाच्या यात्रेचं, मंडळाच्या मिरवणुकीचं शूटिंग करणारी आपल्याकडची अनेक पोरं आज अगदी तसंच काम करताना मी पाहतो.

हल्लीच्या बऱ्याच सिनेमा-कॅमेऱ्यांना यूएसबी-सी केबलने बाहेरची एसएसडी जोडता येते आणि चित्रण थेट तिच्यावर उतरतं. संध्याकाळी तीच डिस्क लॅपटॉपला लावायची आणि टाइमलाइनवर काम सुरू करायचं. मी प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये, फोर-केला, सेकंदाला २५ फ्रेमने शूट करतो. याला सेकंदाला साधारण ९२ एमबी लागतात, तासाला ३३० जीबीच्या आसपास. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला चारशे-पाचशे एमबी वाचून देते. म्हणजे वेगाला काही कमी नाही, चित्र कुठे अडखळत नाही. सगळं इतकं सुरळीत चालतं की यात धोका आहे असं मनातच येत नाही.

त्या दिवशी पहाटे पाचपासून हौद्यातली मेहनत टिपली. पावणेतीन तासांच्या फूटेजने एक टीबीची डिस्क भरत आली, जेमतेम साठ जीबी उरली. कॅमेऱ्याला झेपेल अशी दुसरी एसएसडी जवळ नव्हती. बॅगेत होती ती फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. म्हणून मी कॅमेऱ्याची डिस्क लॅपटॉपला लावली, सकाळच्या नकोशा क्लिपा पुसल्या आणि झालेल्या जागेवर मुलाखत घेतली. पहिली चूक ही. तिची किंमत रात्री कळली.

संध्याकाळी तालमीच्या कार्यक्रमात दोन मिनिटांची झलक दाखवायची होती. कार्यक्रम दीड तासावर. कॉपी करायला वेळ कुठला, असं म्हणत मी कॅमेऱ्याच्या डिस्कवरूनच एडिट सुरू केलं. सॉफ्टवेअरची कॅशे कुठे जाते हे बघितलं नव्हतं. ती त्याच डिस्कवर जात होती. तयार झलकही तिथेच एक्स्पोर्ट करायला लावली. एक्स्पोर्ट चालू असताना मांडवातल्या कुणीतरी टेबल सरकवलं आणि केबल निसटली.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली होती. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालते म्हणून आपण सगळेच ती पद्धत वापरतो. पण चालू लिखाणाची नोंदवही एक्सफॅट ठेवत नाही. लिहिता लिहिता डिस्क तुटली तर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेबच फाटतो. मी केबल परत लावली. डिस्कमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का, असं लॅपटॉपने विचारलं आणि मी हो म्हटलं. हे हो सगळ्यात महागात पडलं. दुरुस्तीने हिशेब जुळवला खरा, पण जे तुकडे कुठल्या फाइलचे हे तिला कळेना त्यांची बेवारस नावांनी वासलात लावली. मुलाखतीच्या जागी काही उरलं नाही.

पुढचे चार दिवस रिकव्हरीत गेले. सकाळच्या क्लिपा जवळजवळ सगळ्या आल्या, कारण त्या डिस्कवर सलग लिहिलेल्या होत्या. मुलाखत मात्र तुकड्यांत होती: थोडी शेवटच्या रिकाम्या जागेत, बाकीची पुसलेल्या क्लिपांच्या भोकांत विखुरलेली. कुठल्या तुकड्यानंतर कुठला, हे ज्या तक्त्यात लिहिलेलं होतं तो तक्ताच मोडला होता. त्याच कॅमेऱ्याची एक धड क्लिप नमुना म्हणून देऊन पहिला सलग तुकडा उघडता आला. साठ जीबी. अकरा मिनिटं.

मला लागतं ते असं की हे मी कोल्हापुरात राहून केलं. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला तो इथे. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली इथून निघाला, १९२९ साली ‘प्रभात’ इथेच सुरू झाली. फिल्मवर काम करणाऱ्या संकलकाच्या टेबलावर निगेटिव्ह यायचीच नाही. यायची ती तिच्यावरून काढलेली रश प्रिंट. तिला कात्री लावा, जोडा, परत तोडा; चुकलं तर दुसरी प्रिंट काढता येई. सगळं ठरल्यावर काठावरचे नंबर जुळवून, हातमोजे घालून, एकदाच निगेटिव्ह कापायची. आणि एवढी जपलेली रिळंसुद्धा एकाच छपराखाली असली तर काय होतं, तेही या गावाने पाहिलं आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक आज बघायला मिळत नाहीत.

कॅमेऱ्यातून निघालेली डिस्क ही तुमची निगेटिव्ह आहे. आपण नुसतं बघतोय असं वाटतं तेव्हाही तिच्यावर लिहिलं जात असतं. मॅक तिच्यावर लपलेल्या फाइली टाकतो, शोधाची सूची बांधतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर क्लिपमध्ये किंवा तिच्या शेजारी स्वतःची नोंद ठेवतात. दा विंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया स्टोरेजच्या यादीत जी डिस्क पहिली, तिच्यावर कॅशे जाते. ती यादी आजच उघडून बघा.

आता माझी पद्धत सांगतो. शूट संपलं की डिस्कवर पिवळी पट्टी चिकटते. पट्टी असलेली डिस्क कॅमेऱ्यात जात नाही. तिच्यावरून आधी एक कॉपी, मग वेगळ्या डिस्कवर दुसरी, दोन्ही पडताळणीसह. रिझॉल्व्हमधल्या क्लोन टूलमध्ये ही सोय आहे, विंडोजवर टेराकॉपीही करतं. नुसतं ओढून टाकलेल्या कॉपीवर मी विसंबत नाही. दोन कॉप्या दोन घरांत जातात. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्याला याचं कारण सांगायला नको. मगच पट्टी निघते, आणि डिस्क कॅमेऱ्यातच फॉरमॅट होते. लॅपटॉपवर बसून कॅमेऱ्याच्या डिस्कवरची एकही क्लिप मी पुसत नाही. एडिट होतं ते पहिल्या कॉपीवरून. ती एसएसडीच असते, त्यामुळे वेग तोच मिळतो.

प्रत्येक शूटला वेगळा फोल्डर ठेवा. फॉरमॅटनंतर काही कॅमेरे क्लिपांचे तेच नंबर पुन्हा देतात आणि रिलिंक करताना परवाच्या हळदीची क्लिप आजच्या टाइमलाइनवर येऊन बसते. जोतिबाला जाणार असाल तर केबलला क्लॅम्प आणि जोडावर प्लास्टिक हवंच. गुलाल यूएसबीच्या तोंडात गेला की जोड सैल पडतो.

घाई खरंच असली तर? त्या संध्याकाळी माझ्या बॅगेतली हार्ड डिस्क सेकंदाला १२० एमबी घेत होती. सगळं फूटेज कॉपी करायला दोन तासांच्या वर लागले असते, नुसत्या मुलाखतीला सदतीस मिनिटं. परत मिळणार नाही ते आधी उचलायचं. झलक सकाळच्या फूटेजवरही झाली असती.

आणि घात झालाच, तर डिस्क काढून बाजूला ठेवा. दुरुस्तीला नाही म्हणा, फॉरमॅटला नाही म्हणा, तिच्यावर काहीही लिहू नका. जाणकाराकडून आधी डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करा. मी दुरुस्तीला नाही म्हटलं असतं तर बाकीची सदतीस मिनिटंही कदाचित सापडली असती.

पंधरा दिवसांनी वस्तादांकडे गेलो आणि जे झालं ते खरं सांगितलं. थोडा वेळ मातीकडे बघत बसले. मग म्हणाले, “सांगतो की लेका परत, त्यात काय.” सांगितलंही सगळं, नऊ मिनिटांत. त्या हरलेल्या कुस्तीशी आले, हात उचलला, पकड धरली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, “गेल्या टायमाला असाच धरला हुता न्हवं?”

मी हो म्हणालो.