आधी घर बघा, मग माशी

पंपाच्या खोलीत, गोठ्याच्या पत्र्याखाली किंवा बांधावरच्या बाभळीत काही घोंघावताना दिसलं, की आपल्याकडे टेंभा नाहीतर फवारणीचा पंप बाहेर निघतो. मधमाशी की गांधीलमाशी, हे कुणी विचारत नाही. माझं सांगणं आहे, की हा प्रश्न आधी विचारा. त्यावर पीकही अवलंबून आहे आणि जीवही. पारनेर-श्रीगोंद्याकडे ज्यांनी बियाण्यासाठी कांद्याचे डोंगळे लावलेत, त्यांनी गोंडा जवळून पाहावा. एका फुलातले पराग आधी झडतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरूनच यायला हवेत, आणि हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. मोहोळ जाळलं, की गोंड्यात बी कमी भरतं.

उडती माशी न्याहाळत कोण उभं राहणार, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. म्हणून माशी नाही, घर बघा. ते लांबूनही दिसतं. मधमाश्यांपैकी फुलोरी काटकीभोवती तळहाताएवढं एकच पोळं बांधते, सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावते. ही पोळी मेणाची, उभी लोंबणारी, दोन्ही बाजूंनी घरं असलेली. गांधीलमाशीचं पोळं लाकूड चघळून केलेल्या करड्या कागदाचं. ते बहुधा बारीक देठाला टांगलेलं असतं, घरांची तोंडं फक्त खाली आणि मध नावालाही नाही. माशी दिसलीच, तर मधमाशी केसाळ असते, पुष्कळदा मागच्या पायांना परागाची गोळी असते. गांधीलमाशी गुळगुळीत, कंबर बारीक आणि उडताना पाय खाली लोंबते सोडलेले.

मग मधमाशी राखावी आणि गांधीलमाशी जाळावी, असा सोपा हिशोब काहीजण मांडतात. तो मला पटत नाही. गांधीलमाश्या पिलांना भरवायला पिकावरच्या अळ्या उचलतात. वावरातल्या लांबच्या झाडावर त्यांचं घर असेल तर राहू द्यावं. दारावर किंवा मोटारीच्या पेटीत असेल, तर जाणकाराकडून काढून घ्यावं. उलट, आपल्याकडच्या माश्यांत सगळ्यांत जास्त भीती बाळगावी ती आग्याची, आणि आग्या तर मधमाशीच. अकोले तालुक्यातल्या गडांच्या कड्याखाली किंवा उंच झाडावर तिचं मोठं उघडं पोळं लोंबतं. गांधीलमाशी जवळ आली, की त्यावरच्या माश्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. अशा पोळ्याखाली धूर, दगड, आरडाओरडा नको. एक डसली, की नांगीच्या वासानं बाकीच्या त्याच जागी येतात. म्हणून हात न झटकता तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत उडी घेऊ नका, त्या वर घिरट्या घालत राहतात.

डसल्यावरही फरक कळतो. मधमाशीची काटेरी नांगी कातडीत अडकते आणि तिची पिशवी विष सोडत राहते. नखानं खरवडा की चिमटीत धरून ओढा, पण लगेच काढा. गांधीलमाशी नांगी न सोडता पुन्हापुन्हा डसते. दोन्हींत ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांध्या उठल्या, दम लागला किंवा चक्कर आली, अथवा एकाच वेळी पुष्कळ माश्या डसल्या, तर लोखंड घासण्यात आणि चुना लावण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.