ॲसिटिक अम्लाची दोन तापमाने

शिरका अथवा व्हिनेगर यांचा आंबट, नाकात चढणारा वास बहुतेकांच्या परिचयाचा असतो. तो वास ॲसिटिक अम्लाचा होय. शिरक्यात या अम्लाचे प्रमाण सामान्यतः शेकडा ४ ते ८ इतकेच असते. बाकीचे बहुतेक पाणी. म्हणूनच ते लोणच्यात व भाजीत निर्धास्तपणे वापरता येते. परंतु कारखान्यात पिंपांतून व टाकीगाड्यांतून येणारे अम्ल शेकडा ९९ हून अधिक शुद्ध असते. वास तोच, रेणूही तोच. मात्र गुणधर्मांत महदंतर पडते. हे संहत अम्ल कातडी जाळते, धातू झिजवते आणि पेटही घेते. ओळखीच्या वासामुळे मनुष्य गाफील राहतो, हा त्याचा पहिला धोका समजावा.

दुसरी गोष्ट अशी की, या अम्लाच्या बाबतीत दोन तापमाने ध्यानात ठेवावी लागतात : १६.६° से. आणि ३९° से. पहिल्या तापमानाच्या खाली ते गोठते. दुसऱ्याच्या वर त्याचे बाष्प ठिणगीने पेटू शकते. आपल्या देशातील ऋतुमान असे आहे की, वर्षभरात ही दोन्ही तापमाने ओलांडली जातात. या अम्लाची सुरक्षित हाताळणी म्हणजे पुष्कळ अंशी या दोन आकड्यांचे भान होय.

निर्मिती व उपयोग

ॲसिटिक अम्लाच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे चार व ऑक्सिजनचे दोन अणू असतात. साखर कारखान्यांतील मळी आंबवून मद्यार्क मिळतो. त्यापासून ॲसिटाल्डिहाइड व पुढे ॲसिटिक अम्ल तयार करता येते. महाराष्ट्रासारख्या ऊसकरी प्रदेशाशी या अम्लाचा असा संबंध आहे. जगातील बहुतेक अम्ल मात्र आज मिथेनॉल व कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगाने बनविले जाते. कृत्रिम धागे, चिकटद्रव्ये, रंगलेप, औषधे यांच्या निर्मितीत त्याचा उपयोग होतो. लोकर व रेशीम रंगविताना रंगद्रावण आम्लधर्मी करण्यासाठी आणि केरळात रबराचा चीक गोठविण्यासाठीही ते वापरतात.

पहिले तापमान : १६.६° से.

शुद्ध ॲसिटिक अम्ल १६.६° से. ला गोठते व त्याचे बर्फासारखे पारदर्शक स्फटिक बनतात. यावरूनच त्याला ‘ग्लेशियल’ म्हणजे हिमरूप असे नाव पडले. त्यात थोडे जरी पाणी मिसळले तरी हा बिंदू खाली येतो. त्यामुळे गोठणबिंदू मोजून अम्लाची शुद्धता पारखता येते.

मुंबई अथवा कोकणपट्टी येथे तापमान इतके क्वचितच उतरते. परंतु नाशिक व पुणे येथील हिवाळ्यातील रात्री याहून बऱ्याच थंड असतात, आणि लुधियाना, अमृतसर येथे तर डिसेंबर-जानेवारीत अम्ल गोठणे हा नित्याचा प्रकार होय. सकाळी कामगार पिंपाचे बूच उघडतो, तो आत घट्ट गोळा. रंगाची कढई तापलेली असते आणि काम खोळंबते. अशा वेळी पिंपाखाली शेगडी पेटवावी अथवा ब्लो-लॅम्पची ज्योत पत्र्यावर फिरवावी, हा विचार कोणाच्याही मनात सहज येतो. हा मोह घातक आहे.

याची कारणे तीन. एक, ज्योतीजवळचे अम्ल अल्पावधीत ३९° च्या पुढे जाते व त्याचे बाष्प त्याच ज्योतीने पेटते. दोन, पाणी गोठताना फुगते, तर हे अम्ल उलट वितळताना फुगते. तळ वितळला आणि बुचाखालचा भाग घट्टच राहिला, तर वाढलेल्या द्रवाला व बाष्पाला वाट मिळत नाही व पिंपात दाब साचतो. तीन, फुटलेल्या अथवा उसळलेल्या पिंपातून बाहेर पडणारे अम्ल तापलेले असते. ते जवळच्या माणसाच्या अंगावर पडल्यास भाजणे दुहेरी होते.

योग्य रीत संथ आहे. पिंप खेळती हवा असलेल्या उबदार खोलीत ठेवावे, अथवा सुमारे २५° ते ३० से. तापमानाच्या कोमट पाण्यात उभे करावे. तत्पूर्वी बूच जपून सैल करावे व पाणी आत शिरणार नाही असे पाहावे. मोठ्या टाक्यांना कोमट पाण्याच्या नळ्यांचे वेटोळे व तापमापक बसवितात. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे थंडी पडण्यापूर्वीच साठा उबदार जागी हलविणे. वितळविण्यास लागणारा अर्धा दिवस आदल्या दिवशीच हिशेबात धरला, तर शेगडीची आठवण होण्याचे कारण उरत नाही.

दुसरे तापमान : ३९° से.

ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतके बाष्प जमते, त्यास प्रज्वलनांक म्हणतात. ॲसिटिक अम्लाचा प्रज्वलनांक सुमारे ३९° से. आहे. थंड देशांत हे तापमान दूरचे वाटेल. परंतु नागपूर, अकोला येथे मे महिन्यात सावलीतील पाराही ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेले पिंप त्याहून अधिक तापते. म्हणजे जे अम्ल जानेवारीत दगडासारखे होते, तेच मे महिन्यात ठिणगीची वाट पाहत असते.

हवेत या बाष्पाचे प्रमाण शेकडा ४ च्या आसपास पोहोचले की मिश्रण स्फोटक बनते. बाष्प हवेच्या सुमारे दुप्पट जड असल्यामुळे ते जमिनीलगत पसरते व खड्ड्यांत, गटारांत साचते. ज्योत दूर असली तरी तेथपर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून साठ्याजवळ विडी, वेल्डिंग, उघडा दिवा, ठिणग्या उडविणारे विद्युत् यंत्र यांस मज्जाव असावा. एका पात्रातून दुसऱ्या धातूच्या पात्रात अम्ल ओतताना दोन्ही पात्रे अर्थिंगने जोडावी. आग लागल्यास कोरडी भुकटी, कार्बन डाय-ऑक्साइड, मद्यार्काने न फुटणारा फेस अथवा पाण्याचा फवारा वापरावा. पाण्याचा जोरदार झोत पेटलेला द्रव इतस्ततः उडवितो, म्हणून तो टाळावा.

वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात शेकडा ८० हून अधिक संहत अम्लास २७८९ हा क्रमांक असून त्यावर क्षरणकारी व ज्वालाग्राही अशी दोन चिन्हे लागतात. शेकडा १० ते ८० च्या द्रावणास २७९० हा क्रमांक असून त्यास फक्त क्षरणकारी चिन्ह असते. टाकीगाडीवरील फलक वाचता येणे हे चालकाइतकेच माल उतरवून घेणाऱ्याचेही काम आहे.

साठवण

पात्र उच्च प्रतीच्या अगंज पोलादाचे अथवा योग्य प्लॅस्टिकचे असावे. साध्या लोखंडाशी व जस्ताशी अम्लाची विक्रिया होऊन हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. नायट्रिक अम्ल, क्रोमिक अम्ल, परमँगनेट, पेरॉक्साइड इत्यादी ऑक्सिडीकारक पदार्थ याच्या शेजारी कदापि ठेवू नयेत; त्यांच्या मिश्रणाने आग व स्फोट संभवतात. दाहक सोडाही वेगळा ठेवावा. विरल द्रावण करताना पाण्यात अम्ल हळूहळू ओतावे, अम्लात पाणी ओतू नये. सांडलेले अम्ल वाळूने अडवून नंतर धुण्याचा सोडा अथवा चुना टाकून उदासीन करावे. लाकडाचा भुसा स्वतःच पेटणारा असल्यामुळे त्याचा उपयोग करू नये.

शरीरावरील परिणाम व प्रथमोपचार

संहत अम्लाचा डाग कातडीवर पडल्यास कधी कधी वेदना तत्काळ जाणवत नाही. फोड काही तासांनी उमटतात. ‘काही झाले नाही’ असे म्हणून हात धोतरास पुसणाऱ्यास रात्री त्याचे गांभीर्य कळते. डोळ्यात थेंब गेल्यास पारपटल कायमचे धूसर होण्याची भीती असते. बाष्पाने नाक, घसा व फुप्फुसे यांचा दाह होतो. आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या दहा लाख भागांत १० भाग ही मर्यादा अनेक देशांत मानलेली आहे. वासाची नाकाला सवय होत असल्याने केवळ वासावर विसंबू नये.

काम करताना ब्यूटिल रबराचे हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, चेहऱ्यावर ढाल व रबरी आच्छादन वापरावे. कापडी वा चामडी हातमोजे अम्ल शोषून घेतात व ते कातडीस चिकटवून ठेवतात.

अपघात झाल्यास भिजलेले कपडे तत्काळ काढून अंग वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धरावे. डोळा पापण्या उघड्या ठेवून तितकाच वेळ धुवावा व लगेच वैद्याकडे न्यावे. भाजलेल्या जागी सोडा, चुना अथवा तेल लावू नये. उदासिनीकरणाच्या उष्णतेने इजा वाढते आणि धुण्यातील मोलाची मिनिटे वाया जातात. अम्ल पोटात गेल्यास ओकारी करवू नये. तोंड धुऊन रुग्णालय गाठावे. बाष्प हुंगलेल्या मनुष्यास मोकळ्या हवेत आणावे व बरे वाटले तरी वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याची क्रिया काही तासांनीही सुरू होऊ शकते.

हे सर्व नियम पाळण्यास मोठा खर्च येत नाही. पाण्याचा नळ जवळ असणे, भिंतीवर एक तापमापक टांगणे आणि त्यावर १६ व ३९ या आकड्यांजवळ तांबड्या खुणा करणे, एवढे कोणत्याही लहान रंगशाळेला साधण्यासारखे आहे. पारा खालच्या खुणेकडे उतरू लागला की साठा उबेत न्यावा. वरच्या खुणेकडे चढू लागला की सावलीत, हवेशीर जागी न्यावा व ठिणगीपासून दूर ठेवावा. या दोन खुणा ज्याने ओळखल्या, त्याला वितळविण्यासाठी ज्योत पेटविण्याची पाळी येणार नाही.