घराचे माप

कोडोली, ता. पन्हाळा

चि. मृणाल हिस,


मांडणशिल्प पाहणाऱ्याला समोर उभे करत नाही, आत घेते. म्हणून घर हा विषय या कलाप्रकाराला फार मानवतो. मात्र घरावर टिकाऊ काम ज्यांनी केले, त्यांनी आठवणी उगाळत सुरुवात केलेली दिसत नाही. त्यांनी आधी मापे घेतली.

मुंबईच्या हेमा उपाध्याय (1972–2015) यांचे उदाहरण सर्वांत जवळचे. जन्म बडोद्याचा, घराणे फाळणीत उखडलेले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला आणि मुद्राचित्रण शिकून त्या मुंबईत आल्या. 2009 मध्ये त्यांनी ‘8 फूट x 12 फूट’ हे मांडणशिल्प केले. धारावीतल्या एका घराची जागा सरासरी एवढीच असते. तेवढीच खोली त्यांनी उभी केली आणि भिंतींवर, छतावर चिमुकली घरे दाटीवाटीने बसवली: ॲल्युमिनियमचे पत्रे, मोटारींचे भंगार, एनॅमल रंग, एम-सील. आत शिरणारा माणूस एका कुटुंबाच्या जागेत उभा असतो आणि डोक्यावरसुद्धा वस्ती पसरलेली असते. शीर्षकात दारिद्र्य नाही, दुःख नाही, नुसते माप आहे. ते पुरते. या कामाची खरी ताकद तिथेच आहे.

कोरियाचे दो हो सुह यांनी हीच वाट आयुष्यभर धरली. त्यांचा जन्म 1962 चा, सोल शहरातला. वडील सुह से-ओक हे शाईचित्रांसाठी नावाजलेले चित्रकार. 1970 च्या दशकात वडिलांनी जे घर बांधले, ते चांगदोकगुंग राजवाड्याच्या आवारातल्या, 1828 साली उभारलेल्या एका वास्तूवर बेतलेले होते. म्हणजे मुलाच्या मनातले मूळ घर हीच एक प्रतिकृती होती. कोरियातल्या या जुन्या पद्धतीच्या लाकडी घराला हानोक म्हणतात. त्याचे सांधे खिळ्यांवाचून खाचांत बसतात, त्यामुळे ते उकलून दुसरीकडे नेऊन उभे करता येते.

सुह 1991 मध्ये शिकायला अमेरिकेत गेले. 1999 मध्ये त्यांनी सोलचे ते घर हिरवट, आरपार दिसणाऱ्या रेशमात शिवले. त्यासाठी घराचा प्रत्येक भाग मोजला आणि पारंपरिक शिवणकाम करणाऱ्या कोरियन बायकांकडून टाके शिकून घेतले. हे घर छताला टांगायचे, प्रदर्शन संपले की घडी करून पेटीत भरायचे. ते ज्या शहरात टांगले गेले, त्या शहराचे नाव शीर्षकात जोडले जाई: ‘सोल होम / एल.ए. होम’ आणि पुढे. न्यूयॉर्कमधले भाड्याचे घरही त्यांनी असेच कापडात उतरवले. दाराची मूठ, विजेचे बटण, भिंतीतला प्लग सारे टाक्यांत आले. नंतर त्याच घराच्या आतल्या भिंती, कपाटे आणि नळ कागदाने मढवून त्यावर रंगीत पेन्सिली घासल्या. नाण्यावर कागद ठेवून मुले छाप काढतात तीच रीत, पण अख्ख्या घरावर. एवढे घासायचे म्हणजे घराचा इंच न् इंच बोटांखालून जातो. 2012 मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठात एका उंच इमारतीच्या कोपऱ्यावर त्यांनी अंगणासह छोटे घर तिरके बसवले. आत जमीन एका कोनात, भिंती दुसऱ्यात. परक्या मुलखात पाय ठरत नाहीत म्हणजे काय, ते तिथे शरीराला कळते. 2025 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले.

माणसाला आत घेणारी जागा उभारणे कोल्हापूरला अगदीच परके नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाच्या सेटवरचे रंगवलेले पडदे बाजूला सारून, माणूस वावरू शकेल अशा भरीव जागा उभ्या केल्या. त्यांच्या 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीत जातो. कोल्हापुरात कला शिकणाऱ्या प्रत्येकाने बाबूरावांकडे फक्त चित्रपटकार म्हणून न पाहता जागेचा कारागीर म्हणूनही पाहावे.

आता कोडोलीकडे. इथल्या जुन्या कौलारू घरांचा आकार खणांत सांगतात; दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. सोपा, माजघर, चूल, मागे परडे. ही घरे पाडून स्लॅब पडत आहेत, तोवर त्यांची मापे घेऊन ठेवावीत: जोत्याची उंची, उंबऱ्याची झीज, देवळीची खोली. माजघराच्या दाराची उंची तर आवर्जून घ्यावी, कारण तिथे वाकावे लागते आणि घराने माणसाला लावलेले वळण अंकांत दिसते.

त्याहून मोलाचा विषय गावाबाहेर आहे. वारणेच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. बांबूचे तट्टे वाकवून टेकवायचे, वर ताडपत्री, आत तीन दगडांची चूल, पेटी, अंथरुणे. सरळ उभे राहायला जागा बहुधा मधोमधच. हंगाम सरला की ते घर गुंडाळून वाहनावर चढते. सुह यांचे रेशमी घर पेटीतून फिरते ते कलेसाठी. हे घर पोटासाठी फिरते. हा फरक कलाकाराने कधीही झाकू नये. कोपी सुंदर आहे म्हणून तिची नक्कल करणे हा अन्याय ठरेल. हेमाताईंच्या खोलीप्रमाणे तिचे माप मात्र जसेच्या तसे मांडता येईल.

टोळ्या दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात. तेव्हा चार दिवस काढून यावे. टेप लावण्याआधी त्या कोपीतल्या बाईची परवानगी घ्यावी, आणि ती नको म्हणाली तर वही मिटून परत यावे.

तुझा,
मामा