खोली कोणाची, खाट कोणाची?

वसाहत उभारणे म्हणजे केवळ भिंती आणि छपरे उभारणे नव्हे. कोणी कोठे निजावे आणि ती जागा त्याच्याकडे किती काळ राहावी, हे ठरल्यावाचून वसाहत नांदती होत नाही. हा प्रश्न नगररचनाकारांपुढे फार पूर्वीपासून आहे; आता तो संगणकावरील खेळांतही अवतरला आहे.

2018 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या ‘रिमवर्ल्ड’ या खेळात परग्रहावर अडकलेल्या माणसांची वस्ती चालवावयाची असते. तेथील मेज, खुर्ची, दिवा या वस्तू सर्वांच्या असतात. खाटेला मात्र मालक नेमून देता येतो. ज्याची खाट, त्याची खोली, असा तेथील न्याय आहे. खोलीचा दर्जा तिचा आकार, शोभा, स्वच्छता आणि आतील सामानाचे मोल यांवरून ठरतो व त्याचा परिणाम राहणाऱ्याच्या मनःस्थितीवर होतो. अनेकांना एकाच दालनात निजविले तर ते खिन्न होतात. जोडप्याची ताटातूट केली तर त्यांनाही ते रुचत नाही. म्हणून जाणता खेळाडू प्रथम प्रत्येकाला लहान का होईना, स्वतंत्र खोली देतो, जोडप्यांसाठी दुहेरी खाट मांडतो आणि रुग्णांच्या खाटा कोणाच्याही नावे न करता मोकळ्या ठेवतो. शोभेचा विचार त्यानंतरचा.

प्रत्यक्षातील औद्योगिक वसाहतीत हा क्रम उलटा आढळतो. छत्तीसगडमधील भिलाई हे याचे बोलके उदाहरण होय. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. परिसरातील खेड्यांच्या जमिनींवर कारखान्याबरोबरच ‘सेक्टर’ या नावाने ओळखले जाणारे विभाग वसले. घरे कारखान्याच्या मालकीची. ती कर्मचाऱ्याच्या श्रेणीप्रमाणे मिळत. भाषा किंवा प्रांत हा वाटपाचा निकष नव्हता. त्यामुळे तेलुगू, मल्याळी, मराठी आणि छत्तीसगढी कुटुंबे शेजारी झाली. सामान्य कामगाराच्या घरातील खाट, कपाट, भांडी ही मात्र त्याची स्वतःची. खेळात खाटेमागून खोली येते. येथे खोली नोकरीमागून येते आणि खाट ज्याची त्याने आणावयाची असते.

या फरकाचा खरा अर्थ निवृत्तीच्या दिवशी कळतो. खेळातला रहिवासी निवृत्त होत नाही. भिलाईच्या कामगारावर मात्र जेथे मुले वाढली, जेथे अंगणात लावलेले झाड छपराच्या वर गेले, ते घर रिकामे करण्याची वेळ येते. खाट गाडीवर चढविता येते. झाड चढविता येत नाही, शेजारही नाही. पुढे काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली, तिच्यामागे हीच ओढ होती.

म्हणून निवासव्यवस्थेचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. आज कोणाला किती जागा द्यावी, हा पहिला. तो नियमांनी सुटतो. काम संपल्यावर त्या माणसाने कोठे जावे, हा दुसरा. वसाहतीची खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते.