गुरुजींविरुद्ध तक्रार
कोल्हापूर जिल्ह्यात खेड्यातली शाळा बहुधा जिल्हा परिषदेची असते. गुरुजी मारतात, शाळेत येत नाहीत, अशी तक्रार आहे? मग ती पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. पोच घ्या. नुसतं चावडीवर बोलून काय होणार?

१९६४ च्या नियमांप्रमाणे चौकशी होते. आरोप गुरुजींना लेखी कळवतात, त्यांचंही म्हणणं ऐकतात. तक्रार खोटीही असू शकते! निलंबन ही शिक्षा नव्हे. त्या काळात निर्वाहभत्ता मिळतो. दोष ठरला तर पगारवाढ थांबते, नोकरीही जाते.

पण पोरीच्या अंगाला वाईट हेतूनं हात लावला तर? चार जाणते म्हणतील, "बोभाटा नको, बदली करू." बदली झाली की दुसऱ्या गावच्या पोरी आहेतच! मुलांच्या रक्षणासाठी २०१२ साली पोक्सो कायदा झाला. त्याप्रमाणे ही गोष्ट पोलिसांना कळवलीच पाहिजे. हेडमास्तरांनी दडवली, तर तोही गुन्हा.