पेटीची जन्मपत्रिका

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेल्या प्रवाशास, शहर येण्यापूर्वी, हमरस्त्यालगत जवाहरनगर लागते. येथील आयुध निर्माणी १९६० च्या दशकात उभी राहिली. सैन्यास लागणारी दारू व स्फोटके येथे तयार होतात. तोफेच्या गोळ्यास नळीतून बाहेर फेकणाऱ्या दारूस प्रणोदक म्हणतात. मौज अशी की, या भयंकर पदार्थाचे मूळ अगदी मऊ आहे. सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंवर आम्लांची क्रिया केली म्हणजे जो पदार्थ मिळतो, तोच या दारूचा पाया होय.

परंतु दारू म्हणजे काही गोळा नव्हे. गोळ्याचे पोलादी कवच नागपूरच्या अंबाझरीसारख्या कारखान्यात घडते, तर गोळे भरण्याचे काम चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी चालते. एका गोळ्यात अशी अनेक गावांची मेहनत एकवटलेली असते. पूर्वी हे सर्व कारखाने एकाच मंडळाच्या आधिपत्याखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ते मंडळ जाऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. जवाहरनगर, भद्रावती व पुण्याजवळील खडकी हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेले; अंबाझरी दुसऱ्या कंपनीकडे गेले. तेव्हापासून मालाबरोबर मालाची हकिकतही एका घरातून दुसऱ्या घरात जावी लागते.

ही हकिकत इतकी महत्त्वाची का? दिवाळीत चकल्या तळताना कढईत एका वेळी जेवढ्या सोडतात, त्यास एक घाणा म्हणतात. समजा, एका घाण्याच्या वेळी तेल नीट तापले नव्हते व त्या चकल्या मऊ पडल्या. साऱ्या चकल्या एकाच डब्यात भरल्या असतील, तर मऊ कोणत्या व खुसखुशीत कोणत्या, हे डबा सांगू शकत नाही. चकलीच्या बाबतीत फार तर घरची मंडळी नाक मुरडतील. दारूच्या बाबतीत तसे नाही. म्हणून कारखान्यात प्रत्येक घाण्यास स्वतंत्र क्रमांक देतात. त्यास लॉट म्हणतात. कोणत्या दिवशी, कोणत्या मालापासून तो लॉट झाला व तपासणीत कसा उतरला, याची नोंद त्या क्रमांकापुढे असते.

शिवाय दारू कोठारात स्वस्थ पडून असली, तरी ती तशीच राहत नाही. तिचे अगदी मंद गतीने विघटन होत असते आणि उष्णतेने ते वाढते. ते रोखण्यासाठी तिच्यात काही द्रव्ये मिसळतात. पण तीही कालांतराने संपत येतात. यास्तव जुन्या लॉटची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते आणि आधी आलेला माल आधी वापरावा लागतो. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. मे २०१६ अखेरीस एका रात्री तेथे भीषण आग लागली. तीत अनेक जवानांना व अग्निशामकांना प्राण गमवावे लागले. अशा भांडारात कोणती पेटी कोठे आहे व तिचे वय किती, हे क्षणात कळणे ही काही केवळ हिशेबाची सोय नव्हे.

पूर्वी हे काम पेटीवर रंगवलेली अक्षरे व कारकुनांच्या जाडजूड वह्या यांवर चाले. अक्षर पुसट झाले किंवा नोंद चुकीच्या पानावर पडली, की शोधाशोध सुरू होई. संगणक आल्यावर वह्या कमी झाल्या. परंतु पेटीपर्यंत जाऊन आकडे वाचणारा माणूस लागेच.

२०२५ साली सैन्याने यापुढचे पाऊल टाकले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तीन मालमोटारी पुलगावकडे निघाल्या. त्यांतील मालावर आरएफआयडी नावाच्या चिप-पट्ट्या लावल्या होत्या. या कामी तांत्रिक साहाय्य गोव्याच्या गोवा इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने केले. अशा साध्या पट्टीत एक सूक्ष्म चिप व धातूची बारीक तार असते, बॅटरी नसते. वाचकयंत्राने रेडिओलहरी सोडल्या, की त्या लहरींतूनच चिपला शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक उलट कळवते. पेटी उघडावी लागत नाही, रंगवलेले अक्षर दिसावे लागत नाही, आणि अनेक पेट्या एका दमात मोजता येतात. मात्र स्फोटकांच्या सान्निध्यात रेडिओलहरीही जपून वापराव्या लागतात. यंत्राची शक्ती व अंतर आधी तपासून ठरवावे लागते.

क्रमांक देण्याची पद्धत जगभर मान्य असलेली जीएस-१ ही आहे. बिस्किटाच्या पुड्यावरील काळ्या रेघांखाली ८९० हे आकडे पुष्कळांनी पाहिले असतील; तेही याच पद्धतीचे. वस्तू भारतातच बनली, असा त्यांचा अर्थ पुष्कळजण करतात. तो बरोबर नाही. क्रमांक भारतातील संस्थेने दिला, एवढेच ते सांगतात. सर्वांनी एकच पद्धत पाळली, म्हणजे कारखान्याने दिलेला क्रमांक भांडारातील यंत्रासही समजतो.

तरी चिपला स्वतःची अक्कल नसते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. तसा अपघात टाळणे हे पट्टीचे काम नव्हे; त्यासाठी कारखान्यातील दक्षताच हवी. आणि आरंभीच कोणी चुकीचा लॉट-क्रमांक नोंदवला, तर ती चूक पूर्वीपेक्षा अधिक वेगाने शेवटच्या भांडारापर्यंत जाऊन पोचेल. म्हणून पट्टी लावणारा कामगार आधी पेटीवरचा आकडा वाचतो, मग पडद्यावरचा वाचतो, आणि दोन्ही जुळले म्हणजेच पेटी मालमोटारीत चढते.