जुनं आउटबोर्ड पेट्रोल फार पितंय? आधी फुकटचे उपाय, मग पाकीट

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की आठवडाभरात तक्रार सुरू होते: इंजिन पेट्रोल फार पितंय. कोकणातल्या छोट्या फायबर होड्यांवरची ९.९ एचपीची जुनी टू-स्ट्रोक इंजिनं मुळातच खादाड. पूर्ण थ्रॉटलला तासाला चार लिटरच्या आसपास, हा ढोबळ हिशेब. लिटरला १०५ रुपये धरले तर तासाला ४२० आणि रोज तीन तास चाललं तर १,२६० रुपये. यातले १५ टक्के वाचले तरी दिवसाला १८९ रुपये सुटतात. पुढचा प्रत्येक खर्च या आकड्याशी ताडून बघा. भाव अंदाजे आहेत, मजुरी गावागणिक बदलते.

आधी मोजा. खुणा केलेल्या कॅनमधून, नेहमीच्या वजनासह, मोबाइलच्या जीपीएसवर ठरावीक अंतर जा आणि परत या. एकाच दिशेचं मोजलंत तर भरती-ओहोटी हिशेब बिघडवते.

सगळ्यात मोठी बचत मुठीत आहे. जड होडी पाणी कापत जाते. तिचा वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सात नॉटऐवजी सहाने गेलात तर सात सागरी मैलांना दहा मिनिटं जास्त लागतात, पण पेट्रोल कागदावर पाव हिस्सा वाचतं. प्रत्यक्षात थोडं कमी, तरी दुसरा कुठलाही उपाय एवढं देत नाही. पर्यटकांना फिरवणाऱ्या, पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या बोटींना मात्र हे लागू नाही. त्यांची नाळ वर आणि मागची बाजू खाली बसलेली, असा अधला-मधला वेग सगळ्यात महाग पडतो.

मग तळ. शेवाळ आणि खरखरीत कवचं चढलेली होडी घासून घ्या. खर्च फक्त अंगमेहनतीचा. इंजिनाच्या पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. लांब शाफ्टचं इंजिन आखूड फळीवर बसवलं असेल तर पाण्यात नुसतं ओझं ओढताय.

पंखा हा खरा दुर्लक्षित भाग. पाती खडकाला लागून वाकलेली असतात आणि तरी 'चालतंय ना' म्हणून दोन हंगाम काढले जातात. दुरुस्ती हजार-दोन हजारांत होते. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा आरपीएम मीटर हजारभरात मिळतो, तो घ्याच. नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तकात दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात जायला हवं. जात नसेल आणि तळ व इंजिन ठीक असेल, तर पंख्याची पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे सहा-सात टक्के घट इंजिनाचा दोष नसताना होते. इथेनॉल ओलावाही शोषतं. कॅनमध्ये महिनोन्‌महिने साठवू नका. जुन्या रबरी नळ्या कडक किंवा चिकट झाल्या असतील तर बदला. पाणी वेगळं करणारा फिल्टर दोन हजारांच्या आसपास बसतो आणि खाडीच्या दमट हवेत तो पैसे वसूल करतो.

कार्ब्युरेटर सफाई आणि नवे प्लग मिळून हजार-दीड हजार. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलाय का, हे आवर्जून विचारा. आपल्याकडे ही सवय फार आहे. त्याने इंजिन थंडच राहतं आणि पेट्रोल वाया जातं.

ऑइल पुस्तकात सांगितलंय तेवढंच घाला. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलि. 'जरा जास्त बरं' म्हणून दुप्पट घातलं तर प्लग काळे होतात. बाटलीवर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बघा. मोटरसायकलचं ऑइल चालत नाही. नळीवर लावायची चुंबकं आणि मायलेज वाढवणारी औषधं यांवर एक रुपयाही घालवू नका.

आणि हे सगळं करण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर पंखा आणि फिल्टर विकत घेऊ नका. ते पैसे रिंगांच्या कामाला किंवा वापरलेल्या फोर-स्ट्रोकला राखून ठेवा.